मला विचारलं नाहीस

१२ फेब्रुवारी

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद. दातओठ खाऊन देतेय, तेवढं सांभाळून घे.

काल रेडिओवर तुमच्याकडचा कार्यक्रम ऐकला. दिवंगत गीतकारांच्या आठवणींची संध्याकाळ म्हणे. निवेदकाने गायकाचं कौतुक करता करता तोंडाला फेस आणला आणि बाबांना ‘या गीताचे कवी’ एवढ्यावर उरकलं. तेही गिळलं असतं. पण गाणं? शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी मी रेडिओसमोरून हलले नाही.

बाबांनी लिहिलं होतं, ‘तू गेलास ते गेलास, मला विचारलं नाहीस.’ हे महाशय गायले, ‘तू गेलास तरी येशील, मी वाट तुझी पाहीन.’

कोण येणार आहे? कारखान्यात बॉयलर फुटून मामा गेला, तेव्हा आई त्याच्या उशाशी बसून जे बोलली, ते शब्द बाबांनी जसेच्या तसे उचलले होते. चालीत बसत नाही म्हटलं की एरवी ते अख्खं कडवं हसत बदलून द्यायचे. या एका ओळीसाठी मात्र याच गायकाशी भांडले आणि ओळ राखली. ते होते तोवर याची हिंमत झाली नाही. आता त्यांचा फोटो मांडून त्यासमोरच ओळ कापली.

तू समोर बसला होतास ना? मग काय करत होतास?

लोभ आहे. तो टिकवणं तुझ्या हातात.

तुझी ताई

१८ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार. सध्या तुझ्यासमोर उभं राहायची सोय नाही.

तुझं पत्र छापखान्यात मिळालं. मशीन चालू होतं, तरी तुझा आवाज ऐकू आला.

गायकाने मला आधी विचारलं होतं. लोक फार उदास होतात, शेवट जरा गोड करू का, म्हणाला. मी हो म्हटलं. बाबांचं गाणं इतक्या वर्षांत कुणी गायलं नव्हतं. नाही म्हटलं असतं, तर कार्यक्रमवाल्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी घेतलं असतं. एका ओळीपायी अख्खं गाणं पुसलं गेलेलं तुला चालेल? आता ते तबकडी काढतायत. पहिलं गाणं बाबांचं, पाकिटावर नावही येईल. आईची परवानगी घ्यायला रविवारी गायक स्वतः घरी येणार आहे.

आणि आई तर पहिल्या रांगेत होती. एका शब्दाने बोलली नाही. घरी येऊन चष्मा पुसत बसली. मग तूच का एवढी पेटलीस?

भावजींना नमस्कार. राग उतरला की लोभ पूर्वीसारखा चालू कर.

तुझा छोट्या

२५ फेब्रुवारी

चि. सौ. ताईस उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र छोट्याने मला वाचायला दिलं, बरं केलं. सभागृहात मी बोलले नाही, कारण माइक गायकाकडे होता. रविवारी तो आला तेव्हा खोली माझी होती.

मी म्हटलं, लिहिलंय तसं गा. तो म्हणाला, वहिनी, लोकांना विरह आवडतो, राग नाही. मग मी त्याला सगळं ऐकवलं. बॉयलर गळतोय, त्या पाळीला जाऊ नकोस, असं मी तुझ्या मामाला निक्षून सांगितलं होतं. तो हो म्हणाला आणि मला न सांगता गेला. वाट कसली पाहायची? समोरच तर निजवला होता. सगळे मला रड, रड म्हणत होते. एकट्या तुझ्या बाबांनी मला चिडू दिलं.

गायक म्हणाला, मग गाणं वगळावं लागेल. मी म्हटलं, वगळा.

छोट्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. मला वाटलं, आता हा माझी समजूत घालणार. कान लालबुंद झाले होते त्याचे. मी दिलेला होकार मागे घेतो, एवढंच म्हणाला आणि ट्रे तसाच आत घेऊन गेला.

तर तबकडी बाबांच्या गाण्याशिवाय निघेल. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी छोट्या शेजारी येऊन बसला. तू तेव्हा मामाच्या उशाशी नेमकं कसं म्हणाली होतीस, म्हणून विचारू लागला. चाल मला येत नाही, नुसतं बोलून दाखवलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. मग माझा आवाज इतका चढला की शेजारीण धावत आली, कुणावर ओरडताय म्हणून. छोट्याने तिला सांगितलं, आई बाबांचं गाणं म्हणतेय.

भावावरचा राग आता पुरे कर. माझ्यावर मात्र लोभ असू दे.

तुझी आई