चुन्याचा अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार
आलो बाबा एकदाचा शिरोलीत! ट्रेलरच्या अड्ड्यावर मालाला साखळ्या आवळायच्या अन् वर ताडपत्री ताणायची, एवढंच काम. उसाच्या ट्रॉल्या बांधून हात तयार हाय आपला, मला काय शिकवत्यात. खोली अड्ड्याला लागूनच हाय. खिडकी उघडली की समोर चाळीस-चाळीस फुटांचे उघडे ट्रेलर. बायकोनं ही वही दिलीया. म्हणाली, फोनवर तू नुसता हूं-हूं करतोस, रोज लिही, आलास की वाचीन. तर हे घे. खानावळीतला तांबडा रस्सा निव्वळ पाणी हाय.

५ नोव्हेंबर, बुधवार
अड्डा चालवणारी आक्का साठीची हाय, पर आवाज असा की गडी जागेवर थांबतोय. तिनं इथली रीत सांगितली. आवळलेल्या प्रत्येक साखळीवर हातोडी मारायची. ठण्ण वाजली तर घट्ट, खळ्ळ वाजली तर ढिली. सगळ्या वाजवून झाल्या की ताडपत्री ओढायची अन् तंबाखूच्या डबीतल्या चुन्यात अंगठा बुडवून कोपऱ्यावर उमटवायचा. अंगठा दिसला की ड्रायव्हर आत वाकून बघत न्हाय, सरळ गाडी काढतो. माझ्या अंगठ्यावर कोयत्याचा आडवा वण हाय, त्यामुळं माझा लांबनं वळखतोय. जोतीराम ड्रायव्हरनं डब्यातली अर्धी भाकरी दिली. मला पावणं म्हणतोय. भला माणूस.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी अवेळी आभाळ भरून आलं. जोतीरामच्या ट्रेलरवर फौंड्रीतला मोठा ओतीव भाग हुता, कोऱ्या लोखंडाचा. भिजला की गंज धरणार. साखळ्या सहा. पाच वाजवल्या. थेंब पडायला लागलं म्हणून आधी ताडपत्री ओढली, म्हटलं सहावी मागनं आत शिरून आवळतो. तेवढ्यात चहा आला, गप्पा झाल्या. जोतीराम हॉर्न मारायला लागला. मी अंगठा उमटवून मोकळा झालो.
गाडी फाटकातनं गेल्यावर ध्यानात आलं. फोन करणार हुतो, पर आक्का शेजारीच उभी. पाच हायत की. काय होत न्हाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
काल पेठ वडगावच्या अलीकडं वळणावर तो ओतीव भाग घसरला. डेअरीला दूध घालून मोपेडवरनं घरी चाललेली गौराबाई नावाची बाई खाली सापडली. जागेवरच गेली. पोलिसांनी जोतीरामला आत घेतलं.
आक्कानं विचारलं, चुना लावला हुतास का? मी न्हाय म्हणालो. म्हणालो, माझी सहावी बाकी हुती, जोतीरामच न थांबता गाडी घेऊन गेला. तोंडातनं कसं निघालं कुणास ठाऊक. ताडपत्री गाडीसंगं पोलिसांच्या आवारात पडलीया. गाडी सुटेतोवर अंगठा कोण बघतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जोतीरामची बायको तानाबाई फाटकाशी आलती. सांगत हुती, अंगठा बघितल्याबिगर आमचं मालक गाडी हलवत न्हाईत. माझ्याकडं बघूनच सांगत हुती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उलट डबा माझ्या हातात दिला, म्हणाली, ठाण्यात घेतला न्हाई, तुम्ही तरी खावा. डबा उघडला, भाकरी तशीच ठेवली. लाज वाटली, लई लाज वाटली.
झाकण लावाय गेलो तर आतनं चुन्याचा अंगठा. आडवा वण. माझाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
चार ट्रेलर बांधले. कितीबी आवळा, माझ्या हाताखाली शेवटची साखळी खळ्ळच वाजती. आक्कानं मारली की ठण्ण, मग अंगठाबी तीच उमटवती. अन् ताडपत्रीला दुधाचा वास येतोय. आजच आणलेली कोरी ताडपत्री.

१८ नोव्हेंबर
भर दुपारी. रिकाम्या ट्रेलरवर ताडपत्री पसरली तर मधोमध उंच झाली. कुशीवर माणूस झोपल्यागत. उचलली — काय न्हाय. सोडली — परत उंच. शेजारनं माणसं जात्यात, कुणालाच दिसत न्हाय.

२० नोव्हेंबर
अंगठे. आरशावर. दाराच्या आतनं. वहीच्या ह्या पानावर. चुना मी आठ दिवस शिवलेला न्हाय.
सहन होईना. तानाबाईच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "उद्या धाला माझ्यासंगं ठाण्यात चला, भावजी. मी अड्ड्यावर येते."
व्हय म्हणालो. आज पोटभर जेवलो.

२१ नोव्हेंबर
सकाळीच जोतीरामचा ट्रेलर पोलिसांकडनं सुटून आला. वर तीच ताडपत्री. कोपऱ्यावर अंगठा तसाच. आक्का अजून आलेली न्हाय.
पुसला तर? तानाबाईचं एकटीचं कोण ऐकणार. मी तसं बोललोच न्हाय म्हणीन. मी हलकट हाय, कळतंय मला. पर मलाबी बायको हाय —
थुंकी लावून घासला. जाईना. आतल्या बाजूनं उमटलाय. वही खिशातच हाय. आत शिरतो, दोन मिनिटं —

अंधार. मोबाईलच्या उजेडात लिहितोय. ताडपत्री अंगावर आली, उचलत न्हाय. वरनं कोण तरी साखळ्या आवळतंय. ठण्ण. एक. ठण्ण —
दुधाचा वास. शेजारी कुशीवर — बघणार न्हाय —
बाहेर तानाबाई हाका मारती. धा वाजले वाटतं. ओरडतोय, तिला ऐकू जात न्हाय. तीन. चार.
फटीतनं वही बाहेर सारणार हाय. वहिनी, बारा तारखेचं पान पोलिसांना दाखवा. जोतीरामची चूक न्हाय. चुना मीच लावला. सहावी मीच —
पाच.
सहावी छातीवरनं — खळ्ळ — शेजारनं आवाज, अजून ढिली हाय — अजून आवळ —