‘एल’नंतरचे लेखक

बाई, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला नावाने हाक मार. पण आमच्या नागपुरात शिकवणाऱ्या बाईला कोणी नावाने हाक मारत नाही, म्हणून मनात मी तुम्हाला बाईच म्हणत आले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. हॅमिल्टनच्या लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये तुम्ही आम्हा नव्याने आलेल्या बायकांना फुकट इंग्रजी शिकवायचात. मी लग्न होऊन इकडे परदेशात आले होते आणि दिवसभर घरात एकटी असायचे. एकदा तुम्ही विचारलंत, “टायपिंग कोणाला येतं?” मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात होते.

टेबलावर बुटांचे चार खोके, त्यात आडनावांच्या अक्षरक्रमाने गच्च भरलेली कार्डं. तुमच्या एस्टोनियाचे लेखक. दुसऱ्या महायुद्धात होड्यांतून पळालेले, जगभर पांगलेले, आणि मागे परक्या राजवटीत राहून गप्प बसलेलेही. तुम्ही कार्ड हातात घेता, तुमच्या भाषेतलं वाचता, मला इंग्रजीत सांगता, मी टाइप करते. जन्म, पुस्तकं, आणि शेवटी पोटासाठी काय केलं ते. ही शेवटची ओळ तुम्ही कधी गाळू दिली नाहीत. एक कवी इथल्याच पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. एक कादंबरीकार बाई शाळेच्या फरश्या पुसायची. तिची पुस्तकं तिच्या नातवंडांना वाचता येत नव्हती. तुम्ही स्वतः तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत होतात, हे तुमची बोटं बघून मला आधीच कळलं होतं. माझ्या पायात कापडी बूट बघून तुम्ही तुमचे बर्फातले बूट मला दिलेत, आणि मी नको म्हणताच म्हणालात, “मी आता कुठे जाते? या लोकांना सोडून?”

एकदा एकाच पुस्तकाच्या लेखकाचं कार्ड आलं. मी आपल्या मनाने टाइप केलं, ‘किरकोळ लेखक’. तुम्ही चष्मा काढलात.

“हे कोणी सांगितलं तुला?”

“एकच पुस्तक आहे ना त्यांचं, म्हणून…”

“तुझ्या नागपुरात माणसं किती?”

“वीस-बावीस लाख असतील.”

“माझा अख्खा देश त्याहून लहान आहे. एवढ्याशा देशात किरकोळ कोणी नसतं. खोड ते.”

मी खोडलं. मग भीत भीत विचारलं, तुमचंही कार्ड आहे का? एकोणिसाव्या वर्षी तुमचा एक छोटा कवितासंग्रह आला होता, एवढंच मला ठाऊक होतं. “आहे,” तुम्ही म्हणालात, “पण माझं आडनाव शेवटाकडे येतं. रांग मोडायची नाही.” आपण ‘एल’पर्यंत पोचलो आणि तुम्ही पडलात. मांडीचं हाड मोडलं. वृद्धाश्रमात हलवलं, घर विकायला निघालं. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, “खोके घेऊन ये. माझ्या मुलाला ती भाषा वाचता येत नाही. त्याला ते कागद दिसतील फक्त.” मी म्हटलं, शनिवारी आणते.

त्या शनिवारी मी आले नाही. बर्फ पडत नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राकडे, तासाभरावरच्या मार्कहॅमला जेवण होतं, आणि मला वाटलं, आठवड्याने काय बिघडतं? पुढच्या शनिवारी गेले तर घर रिकामं, ड्राइव्हवेत भला मोठा कचऱ्याचा डबा. तुमचा मुलगा दारात उभा होता. खोक्यांचं विचारलं, तर म्हणाला, “अरे, ती आईची रेसिपी कार्डं? ती गुरुवारीच रिसायकलिंगमध्ये गेली. सॉरी, तुम्हाला हवी होती का?” फार चांगला माणूस. त्याने मला पाणी विचारलं.

तिथून मी तुमच्याकडे आले. तुम्ही डोळे उघडलेत, चष्मा नव्हता. “आणलेस?”

“हो बाई, आणले. चारही.”

तुम्ही एकदम हलक्या झालात. “एक वाचून दाखव, येईल तसं,” म्हणालात. मी भट्टीवरच्या कवीचं पाठ होतं ते म्हटलं. “तो ‘के’मधला,” तुम्ही म्हणालात, “पुढचा वाच.” मी म्हटलं, उद्या. तुम्ही आणखी अकरा दिवस होतात, आणि मी त्यातला एकही दिवस आले नाही.

गेल्या वर्षी मी टाइप केलेलं, माझ्याच घरी राहिलेलं सगळं तुमच्या देशातल्या एका लायब्ररीला पाठवलं. मुलगी म्हणाली, “Aai, just scan it,” आणि तिनेच स्कॅन केलं. तिकडून एका बाईचं फार गोड उत्तर आलं. यातल्या कित्येकांविषयी आम्हाला काहीच माहीत नव्हतं, तिने लिहिलं. उरलेला भाग कधी पाठवाल? आणि हे सगळं जमवलं त्या बाई कोण होत्या, त्यांनीही काही लिहिलं होतं का?

तुमच्या संग्रहाचं नाव तुम्ही एकदा सांगितलं होतंत. मला ते आठवत नाही. मी तिला तुमच्या लाँड्रीचं लिहिलं, लायब्ररीतल्या वर्गाचं लिहिलं. आणि उरलेल्या भागाबद्दल लिहिलं की बाईंच्या हातून तेवढंच झालं होतं, पुढचं त्यांनी लिहिलंच नाही.