डीव्हीडी अडकते तेव्हा

सोमवार, १० नोव्हेंबर

नोकरी लागली एकदाची! माजिवड्याचं घर सोडून उर्वीला घेऊन डोंबिवलीत आले तेव्हा आई म्हणालेली, ऋजुता, एकटी बाई, पाच वर्षांची पोर, कसं निभावणार तू? निभावतेय की. मानपाडा रोडला प्रभाकरकाकांचं दुकान आहे. लोकांच्या लग्नामुंजीच्या जुन्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या. काका सत्तरीचे, मऊ बोलणारे. म्हणाले, डीव्हीडी घातली की कॉम्प्युटर कधीकधी हँग होतो. तेव्हा बंद मात्र करायचा नाही, आपोआप सुटतो. मी मनात म्हटलं, काका, माझं अर्धं आयुष्य स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलंय, आठवड्यात सरळ करते याला.

आतल्या खोलीत त्यांच्या बायको, वासंतीकाकू असतात. अजून दिसल्या नाहीत, पण चहा झकास करतात. कामाच्या नादात कप कधी येऊन पडतो ते कळतही नाही. उर्वीचं पाळणाघर शेजारच्याच गल्लीत, शीलाताईंकडे. काका रोज तिथूनच येतात-जातात, पोरं ओळखतात त्यांना. आणखी काय पाहिजे?

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज पुन्हा हँग. कुणाच्या तरी साखरपुड्यात अंगठी बोटापर्यंत आली आणि चित्र थिजलं. ड्राइव्हचा दिवा पेटलेला, आत घरघर, माउस ढिम्म. केबल बदलली. ऑटोप्ले बंद केलं. लेन्स पुसली. शेवटी नवाकोरा ड्राइव्ह आणून बसवला, तर तोही तसाच. ड्राइव्ह काढून ठेवला की मशीन गुणी बाळासारखं चालतं. म्हणजे ड्राइव्ह असला तरच बिघडतं, आणि ड्राइव्हमध्ये तर बिघाड नाही. डोकं फिरलं माझं.

शीलाताईंनी फोनवर फोन केलेले, उर्वीला न्यायला उशीर झाला म्हणून. फोन हाताशीच होता. मला एकही ऐकू आला नाही. शीलाताई जरा घुश्शातच बोलल्या, चूक माझीच होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पाळणाघर अर्धा दिवस, म्हणून उर्वीला दुकानात बसवलं. घरी येताना गाल फुगवून चालत होती. म्हणते, मी तुला किती हाका मारल्या, तू बघतच नव्हतीस. काकूआजीने लाडू दिला, वेणी घातली, मांडीवर घेतलं.

मला आठवत नाही. वेणी मात्र घातलेली होती, घट्ट, तेल लावून. काकूंना मी अजूनही पाहिलेलं नाही. बरं वाटत नाहीये मला हे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डीव्हीडी नेमकी कुठे अडकते ते बघायचं म्हणून मोबाईल उभा करून व्हिडिओ लावून ठेवला. साधी युक्ती, आधीच करायला हवी होती.

आत्ता पाहिला. स्क्रीन थिजते. मीही थिजते. उजवा हात माउसवर, पापणी लवत नाही. मग आतून एक बाई येते. कप ठेवते. काका खुर्ची पुढे ओढतात आणि दोघं बोलत बसतात. काकू हसतात. काका त्यांचे हात कुरवाळतात, रडतात. मग ड्राइव्हची घरघर थांबते, काकू घाईघाईने आत जातात — आणि मी मान हलवून चहा पिते.

हा चहा मी रोज पीत होते. अंगावर काटा आलाय, जात नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

जाब विचारला. काकांनी काहीच नाकारलं नाही, आतल्या खोलीचं दार उघडलं. काकू खुर्चीत, हात पुढे, डोळे उघडे. दोन वर्षांपूर्वी त्याच मशीनवर बसल्या होत्या. डीव्हीडी अडकली आणि तेवढ्यात लाईट गेली. तेव्हापासून अशाच. दुसरं कुणी माउस धरून अडकलं तर तेवढ्यापुरत्या जाग्या होतात. मशीन चालू असेतोवर अडकलेल्याच्या माउसवरच्या हातावर दुसऱ्याने हात ठेवला की पहिला सुटतो, दुसरा अडकतो.

मग तुम्हीच का नाही बसत, विचारलं. म्हणाले, बसलो होतो. ती जागी झाली, पण मी दगड. मग तिने बोलायचं कोणाशी?

नोकरी सोडली. म्हणाले, पोरीला तरी आणत जा, हिला लळा लागलाय तिचा. पर्स उचलली, निघून आले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मुलाखत लवकर आटोपली. पाळणाघरात गेले. उर्वी नाही. शीलाताई म्हणाल्या, तुमचे काका येऊन घेऊन गेले ना, तुम्हीच पाठवलंय म्हणाले. ती पण काका काका करत गेली —

धावत आले. दुकानात आहे. उर्वी माझ्या खुर्चीत. हात माउसवर. समोर कार्टून थिजलेलं. गाल गार. हाक मारली, हलवलं — नाही.

काकू जाग्या. काकांना मारतायत, म्हणतायत, पोराला कशाला, पोराला कशाला. काका नुसते उभे.

शुक्रवार आहे. मेंटेनन्सला लाईट घालवतात शुक्रवारी. कुठल्याही क्षणी. यूपीएस मेलेला. ड्राइव्ह उपटला तरी तेच होणार.

काकू पुढे झाल्या, हात ठेवला. काही झालं नाही. त्या आधीच अडकलेल्या. काका म्हणाले, ठेवतो, ठेवतो — आणि मागे सरकले. वाट बघत बसू का यांची?

ठेवला मी हात. उर्वीच्या हातावर.

तिने डोळे मिटले, उघडले. सुटली. सुटली माझी पोर. काकूंना खुणेने सांगितलं, हिला शीलाताईंकडे न्या. जीभ जड झालीय. पर्समधली वही काढून डाव्या हाताने हे सगळं लिहितेय. उजवी बोटं गेली. कोपर गेलं.

काकू नेतायत. उर्वी पाय रोवून रडतेय. काकूंच्या हातातून निसटली. परत आली.

माझा हात ओढतेय. माउसवरून सोडवतेय. तिची बोटं माझ्या बोटांखाली घालतेय, म्हणजे पुन्हा तीच अडकणार. ओरडता येत नाही. तिला सुटी अक्षरं वाचता येतात. मोठ्या अक्षरात —

बाळा हात काढ

बाळा हात का