तिसरी कडी पाण्याखाली असताना

मी, ओबादिया ग्रँजर, गरुड कुळाचा, राहणार किट्सेलास, स्कीना नदीच्या घळीच्या तोंडाशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. मला कसलाही आजार नाही. उद्या सकाळी 'नॉर्दर्न बेल' ही आगबोट घळीतून खाली जाणार आहे आणि मी तिच्या नाळेवर, अगदी पुढे, बसणार आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

कारणही नोंदवतो. घळीच्या कातळात लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत. त्यांत दोर ओवून आपण आगबोटी वर खेचतो आणि खाली सोडतो. तिसरी कडी बुडाली की बोट थांबते. पाणी उतरेपर्यंत कोणी हलत नाही. आज ती बुडाली आहे. तरीही आगबोट कंपनीच्या एजंटाने माझा भाचा सायलस याच्याकडून उद्या बोट नेण्याचा शब्द घेतला. बोटीचे सुकाणू तोच धरतो. रेल्वे येते आहे, आणि आपली बोटही वेळ पाळते हे एजंटाला दाखवायचे आहे. माणसांपेक्षा वेळापत्रक प्यारे मानणाऱ्यांवर मी आयुष्यभर सभांत तुटून पडलो. उद्या एक शब्दही बोलणार नाही. नुसता बसेन.

१. घर आणि मासे धुरावर सुकवायची खोप बहीण रोडा हिला.

२. पुस्तके मुलगा मार्क याला. तो त्याच्या आईच्या, म्हणजे कावळा कुळाचा, त्यामुळे आमच्या कुळाचे काही त्याला जात नाही. पण पुस्तके मी स्वतः घेतलेली आहेत. समासात मी लेखकांना घातलेल्या शिव्या त्याने खोडू नयेत.

३. एजंटाला काही नाही. माझ्या मयताला तो आलाच, तर त्याला मासा वाढावा. बोलू मात्र देऊ नये.

४. माझे नाव मला मामाकडून आले, त्याला त्याच्या मामाकडून. ते कागदावर देता येत नाही. पाहुणे बोलावून, त्यांना जेवू घालून, भेटी देऊन, त्यांच्या देखत भाच्याला द्यावे लागते. सरकारने अशी मेजवानी गुन्हा ठरवली आहे. असला कायदा मी मानत नाही. नाव सायलसचेच. रोडाला दुसरे मूल नाही. उद्या आम्ही दोघेही गेलो, तर ते घ्यायला कोणी उरत नाही.

इथवर वाचून सायलस भडकला.

"मामा, तुम्ही उद्या बोटीवर चढायचं नाही! पुढे बसून नदीला भाषण ठोकणार आहात का?"

"तुझ्यापेक्षा ती बरं ऐकते."

"चढत्या पाण्यातून काढलीय मी बोट."

"कडी दिसत होती तेव्हा. आज दिसतेय?"

"मी नाही नेली तर एजंट सुकाणूवर दुसऱ्याला बसवेल. शब्द दिलाय मी!"

रोडा चुलीपाशी होती. मागे न वळता म्हणाली, "जा, दोघंही जा. मग मी हे घर कोणासाठी झाडायचं, तेवढं लिही त्यात."

मी टाक बुडवला आणि पुढचे कलम लिहायला घेतले.

५. आपल्यात साक्षीदार म्हणजे केवळ सही करणारा नव्हे. जे पाहिले ते त्याने जन्मभर चारचौघांत सांगायचे असते. येथे सही करणारा दोन गोष्टींची साक्ष देतो: मी शुद्धीत आहे, आणि आज तिसरी कडी पाण्याखाली आहे. सायलसला या कागदाने काहीच मिळत नाही, तेव्हा कायद्याने तो साक्षीदार होऊ शकतो. दुसरा साक्षीदार तोच हवा.

किट्सेलास, १२ जून १९११
(सही) ओबादिया ग्रँजर

साक्षीदार पहिला: टायटस मून, लोहार. कड्या मीच ठोकल्या. तिसरी बुडालेली पाहिली. (सही)

साक्षीदार दुसरा: सायलस

त्याने टाक उचलला, मग खाली ठेवला. "हे लिहून दिल्यावर बोट कशी नेऊ, मामा?" म्हणाला आणि धक्क्याकडे निघून गेला. आता खालून बोटीची वाफ सोडून बॉयलर थंड करत असल्याचा आवाज येतो आहे; उद्या बोट निघत नाही. दुसऱ्या सहीवाचून हा कागद कायद्याने कुचकामी आहे. तो तसाच राहू द्यावा.