आत्याचा कप्पा

लालबाग,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनास बाबांचा आशीर्वाद. अभयरावांना नमस्कार.

इकडे मी बरा आहे. तुझा खोकला थांबला का? फोन लावला की नुसता वाजत राहतो, म्हणून लिहायला बसलो. सातवीनंतर गिरणीत साच्यावर कापड विणायला गेलो ते पेन सुटलंच. अक्षर जुळवून वाच.

अपेक्षाचे दिवस भरत आलेत. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे बाळंतपण इथेच होणार. तुझ्या आईचं कपाट बाळासाठी रिकामं करायचं काम सूनबाईने मला दिलंय. "बाबा, खालचा कप्पा बाळाचा," म्हणाली. मी कप्पा पुसला, वर्तमानपत्र घातलं, कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकल्या. त्या तिने काढायला लावल्या. वास बाळाला चालत नाही म्हणे. मग पुन्हा पुसला. तरी मला वास येतोच. रोज दार उघडून हुंगतो. निलेश हसतो, "बाबा, पोर कपाटात नाही ठेवायचंय."

तर असं चाललंय.

मागच्या महिन्यात घरी डोहाळजेवण झालं, ते तुला निलेशच्या मोबाईलवरच्या फोटोंत दिसलं. त्या आधी मी तुला सांगितलं होतं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, कार्यक्रम नाही. आणि घरात सांगितलं, दर्शनाला ताप आहे, ती येत नाही. दोन्हीकडे मीच बोललो. निलेशला काही ठाऊक नव्हतं. अपेक्षा तर तुझ्यासाठी बाजूला पाट मांडून बसली होती.

शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या होत्या, "लवूभाऊ, चेडू आपलाच आसा, पण तेच्या घरात अजून पाळणो नाय. ओटी भरूक नको हां." पण त्या बोलून आपल्या चुलीकडे गेल्या. ऐकायचं की नाही ते माझ्या हातात होतं. मी घाबरलो, बाय. मला सगळ्याचीच भीती वाटते, तू जाणतेस. पण स्वतःच्या लेकीच्या हाताची भीती वाटावी, हे कसलं डोकं माझं.

आता पुढचं. परवा अभयराव पिशवी घेऊन आले. घरात मी एकटाच होतो. चहा नको म्हणाले, पाणीही प्यायले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच बोलले, "तिने बाळासाठी शिवलंय. फोटो बघितल्यावर मला वाटलं, आता टाकून देईल. तिने गोधडीसुद्धा पुरी केली." मी पिशवी घेतली आणि ते वळल्यावर पोटमाळ्यावर पिंपामागे सरकवून दिली. उघडूनही बघितली नाही. संध्याकाळी अपेक्षाने विचारलं, "ताईंकडून काही आलं का?" मी नाही म्हटलं.

काल ती कप्प्यासमोर बसली होती. म्हणाली, "बाबा, पहिलं अंगाला जुनं कापड लागतं ना? आईंची एखादी मऊ साडी नाही का?" मी काय सांगणार? तुझ्या आईची, रखमाची लुगडी ती गेल्यावर तूच नेलीस. आणि त्यांचंच तू शिवलं असशील, तर ते माझ्या डोक्यावर, पिंपामागे होतं.

शिडी लावली. पिशवी खाली आणली. रखमाच्या हिरव्या चौकड्याच्या लुगड्याची झबली, दुपटी, आणि ती गोधडी. हात लावला तर रखमाच्या पदराला लावल्यासारखं झालं. एका कडेला खाकी कापड दिसलं. माझा गिरणीतला सदरा. मला वाटलं होतं तो कधीच पोतेऱ्यात गेला. तुला घराबाहेर ठेवलं त्या माणसाचा सदरा तू तुझ्या आईच्या शेजारी शिवलास.

मग मी अपेक्षाला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली मान घालून झबल्यांच्या घड्या करत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे ताईंना ताप नव्हताच." मग तिने सगळं पिशवीत परत भरलं. "कप्पा रिकामाच राहू दे. ताई येऊन स्वतःच्या हाताने लावतील तेव्हा लागेल. नाही आल्या तर यातलं एकही मी बाळाला घालणार नाही." निलेश काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही. सकाळी चहा ठेवला, तोही माझ्या हातात दिला नाही.

कपाटाचं दार उघडंच आहे. मी बंद करायला गेलो तर सूनबाईने बघितलं नुसतं.

बारशाला बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते. डोहाळजेवणाला नको आणि बारशाला हवी, असा बाप मी, हे माझं मला कळतंय. म्हणून बारशाचं आमंत्रण देत नाही. तो हक्क तुझा आहे, मी कोण देणार? मी फक्त कप्पा लावायला बोलावतोय. आलीस तर मी घरात नको असेन तर तसं सांग, खाली मैदानात बसेन. आणि बारशाला आलीस, तर बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना, त्या आधी मला एक घाल. सगळ्यांच्या देखत घाल. सुंदराबाईंना पुढे बसवतो.

टपालावर माझा भरवसा नाही. आज दुपारी मीच तुझ्याकडे रे रोडला येतोय. वर यायचं धाडस होत नाही, अभयरावांना खाली बोलावून पत्र त्यांच्या हाती देईन. उत्तर लिहू नकोस. यायचं असेल तर चप्पल घालून खाली ये, नसेल तर खिडकी लावून घे. मला खालून दिसेल.

तुझ्या दाराखाली उभा,
बाबा