आजोबांच्या गोळ्या

मुलुंड, सप्टेंबर १९८६

प्रिय नलू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तरी फाडू नकोस. पत्र देणारा भीमराज माझ्याबरोबर कामाला आहे. तुझ्या लग्नानंतर एकही ओळ लिहायची नाही असं तू बजावलं होतंस, ते आज मोडतोय.

माझं बरं चाललंय म्हणायचं. सरांची कॉलर धरून फार्मसी दुसऱ्या वर्षाला सोडली, ते तुला ठाऊकच आहे. आता इथे औषधं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काचेची भांडी धुतो, साहेबांचा मूड असला तर गोळ्याही तपासतो. यंदा घाटकोपरला मलेरिया जोरात आहे ना, आणि औषध घेऊनही लोकांचा ताप हटत नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला काम दिलंय, साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानादुकानांतून क्लोरोक्विनच्या गोळ्या आणायच्या आणि तपासायच्या.

तुझ्या अण्णांच्या औषधाच्या दुकानात मी कुठल्या तोंडाने जाणार? तुला मागायला आलो तेव्हा काउंटरची काच फोडून आलोय. अर्धवट सोडणाऱ्याला मी मुलगी देत नाही, एवढंच तर ते म्हणाले होते, तेही शांतपणे. आता पटतं गं. तेव्हा डोकं कुठे होतं ठिकाणावर. तर मी भीमराजला पाठवला. तो आला तो हसतच. म्हणाला, मालकांची मुलगी आली होती, कडेवर तापाने मलूल झालेला मुलगा, आणि वडिलांना सांगत होती, "बाकीची औषधं थुंकतो मेला, पण आजोबांच्या गोळ्या चॉकलेटसारख्या चघळतो."

अण्णांची मुलगी म्हणजे तूच. कशी दिसते, बारीक झालीय का, असं विचारणार होतो. मग ते वाक्य डोक्यात शिरलं आणि बाकी सगळं राहिलं.

नलू, क्लोरोक्विन कुणी चघळत नाही. जहर कडू असतं, मोठी माणसंसुद्धा तोंड वाकडं करतात. भीमराजने आणलेली गोळी मी जिभेवर ठेवली. नुसता खडू. साहेबांनी रीतसर तपासली, औषध नावालाही नाही. अण्णांचं वाटोळं व्हावं असं किती वेळा मनात आलं होतं माझ्या. आज व्हायला आलंय, तर नको वाटतंय. त्यांना ठाऊक नसणार. जाणूनबुजून नातवाला खडू कोण देईल? रिपोर्ट वर जाईल, दुकानावर इन्स्पेक्टर येईल, आणि जयवंतने डाव साधला असंच सगळे म्हणतील. तूही म्हणशील.

म्हण. माझ्यावर विश्वास ठेवावास असं मी वागलोच कधी? म्हणून माझं ऐकू नकोस, फक्त घरातली ती गोळी चमच्याने चुरड आणि कणभर स्वतःच्या जिभेवर ठेव. कडू लागली नाही तर पोराला लगेच म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात ने, रक्त तपासून घे, गोळ्याही तिथूनच घे. त्या गोळ्यांना तो रडेल, थुंकेल, तुझे केस ओढेल. ओढू दे गं. या वेळी त्याला रडू दे.

तुझाच (खोडणार होतो, राहू दे),
जयवंत