बँजोची उघडी पाठ

शनिवार, संध्याकाळ. अजमान

लाज वाटते आहे. जावयाने, समीरने, आठ महिने खपून हाताने बँजो घडवला. त्याची पाठ उघडीच. मला वाटलं, राहून गेली असेल. कॉन्व्हेंट शाळेत शिवणकामाच्या तासाला सिस्टर कापड उलटं करून आधी पाठ बघायच्या, तीच माझी खोड. काल तो ऑफिसला गेल्यावर सुताराकडून मागे लाकडी झाकण बसवून आणलं. सहा स्क्रू, वर पॉलिश. सरप्राइज म्हणे!

आज त्याने वाजवला. खणखणीत, कानाला टोचणारा आवाज. आधी किती मऊ यायचा, पोटातून आल्यासारखा. समीर पाठीवरून बोट फिरवत म्हणाला, "छान बसवलंय, आई." एवढंच.

नेहा मात्र चिडली. "मम्मा, त्याला ब्लूग्रास म्युझिकचाच करायचा होता, मागून बंद, एकदम लाउड. यू गेट मायग्रेन्स, सो ही लेफ्ट इट ओपन. फॉर यू!"

माझ्यासाठी? आणि मी साधं विचारलंही नाही.

स्क्रू मीच काढायला बसले. समीरने बँजो धरला. पाच निघाले, सहाव्याशी थांबले.

"यल्ला, चला आई, एकच राहिला."

लहानपणापासून घोटलेलं 'सॉरी' तोंडातून फुटेना. मान खालीच ठेवून तोही स्क्रू काढला.